तातडी नाही

शिरोलीच्या भट्टीवर कोणी ओरडत नसे. नवा माणूस कामावर आला की हेल्मेट आणि बूट हातात देण्याआधी त्याला ही गोष्ट सांगितली जाई. वितळलेल्या लोखंडाजवळ सगळ्यात जास्त माणसं पळण्यानं मरतात, आणि माणूस पळतो तो कोणीतरी ओरडल्यामुळे. म्हणून संकट जेवढं मोठं, तेवढा आवाज खाली. भट्टी सोडून जायचीच वेळ आली, तर फोरमननं आधी वीज तोडायची आणि मग शेजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणायचं, "चला, चहा घेऊ." ते ऐकलं की हातातलं खाली ठेवायचं आणि एकामागोमाग एक, चालत बाहेर पडायचं. काय झालं ते विचारायचं नाही. खऱ्या चहाची वेळ झाली की लोक 'कप आले' म्हणत. 'चला, चहा घेऊ' हे वाक्य गमतीनं उच्चारायची बंदी होती. एकदा एकानं गंमत केली, तर त्याला आप्पांनी भट्टीवरून काढून कायमचा वाळू चाळायला पाठवला.

आप्पा म्हणजे शरयू मगदूमचे वडील, त्या भट्टीचे जुने फोरमन. त्यांच्यानंतर फोरमन झाला तो तिचा थोरला भाऊ भूपाल. घरातही कायदा तोच होता. आप्पा रागावले की त्यांचा आवाज इतका खाली जाई की आई स्वयंपाकघरात भांडी वाजवायची थांबे. शेजारच्या घरांतली मुलं बापाच्या आरड्याओरड्याला घाबरत, मगदूमांची मुलं शांततेला.

शरयूनं भट्टी धरली नाही. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि त्याच कंपनीच्या पुण्यातल्या मुख्य कचेरीत दूरसंचार विभागाची प्रमुख झाली. शिरोली, सातारा आणि चाकण इथल्या तीन फाउंड्र्या आणि बाणेरची कचेरी यांचे फोन एकमेकांना जोडणं हे तिचं काम होतं, आणि ते तिनं चोख केलं होतं.

तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचं आपापलं एक्स्चेंज होतं. शिरोलीचा फोरमन फोन उचलून दोन आकडे दाबी, की शंभर पावलांवरच्या पंपहाउसमधला माणूस 'हां भूपालदा' म्हणे. नव्या रचनेत ही सगळी एक्स्चेंजं एका जाळ्यात आली. बोललेला आवाज बारीक तुकड्यांत कापला जाई, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लागे, आणि ते तुकडे तारेतून जाऊन पलीकडे पुन्हा सांधले जात. शिरोलीचा फोन चाकणला वाजणं आणि शेजारच्या टेबलावर वाजणं यात आता फरक उरला नव्हता. मग कंपनीच्या लक्षात आलं, की असं असेल तर प्रत्येक पंपहाउसमध्ये, फाटकावर, वीजघरात माणूस कशाला हवा? तिन्ही ठिकाणचे पंप, फाटकं, रुग्णवाहिका, सगळं बाणेरच्या एका नियंत्रण कक्षातून चालू लागलं. कक्षात मोजकी माणसं होती आणि फोन तीन कारखान्यांचे. रांग लागणारच. आधी कोणाचा घ्यायचा, हे ठरवायला 'त्वरा' नावाची संगणक प्रणाली आणली गेली.

त्वरा शब्द ऐकत नसे. भट्टीवर मराठी, कानडी, उडिया, भोजपुरी असे सगळे बोल चालत, त्यात यंत्रांचा गोंगाट. शब्द ओळखायला गेलं की चुका होत. म्हणून ती फक्त गळा ऐके. माणूस घाबरला किंवा चिडला की स्वरयंत्राचे स्नायू आवळतात, आवाजाची पट्टी चढते, श्वास तुटतो, एका कंपनापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर किंचित डळमळतं. हे सगळं मोजता येतं. त्वरा ते पहिल्या दोन वाक्यांतच मोजे आणि आकडा देई. आकडा मोठा असेल तर कॉल रांगेत पुढे. लहान असेल तर पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटे: 'तातडी नाही'.

शरयूनं तेव्हाच हरकत घेतली होती. त्वरेला शिकवलेले आवाज कचेऱ्यांतले आणि ग्राहक सेवा केंद्रांतले होते.

"भट्टीवरचे नमुने घ्या," ती रणदिवेंना म्हणाली होती. रणदिवे कामकाज विभागाचे उपाध्यक्ष. "तिथली माणसं संकटात आवाज चढवत नाहीत. उलट उतरवतात."

रणदिवे हसले होते. "मगदूम मॅडम, माणसाचा गळा बाणेरला आणि शिरोलीला वेगळा असतो का? लोककथा आणि डेटा यांत फरक असतो."

"मग निदान पंपहाउसचा सरळ फोन राहू द्या."

"तो ठेवला तर बाकीचं जोडलं कशाला?"

पंपहाउसचा सरळ फोन तिच्याच माणसांनी काढला.

*

वर्षभरात कंपनीचा आवाज बदलला. हिशेब विभागाला पहिल्यांदा कळलं की ओरडलं तर फोन लवकर लागतो. मग खरेदी विभागाला कळलं. मग सगळ्यांना. बाणेरच्या मजल्यांवर माणसं रिसीव्हर उचलण्याआधी पैलवानासारखा दम घेऊ लागली. बैठकीच्या खोलीतला एसी बंद पडला तरी व्यवस्थापिका अशी किंचाळे की नव्या माणसाला वाटे, कोणी खिडकीतून पडलं. त्वरेनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. तिनं फक्त कोणत्या माणसाचं ऐकलं जाईल ते ठरवलं, आणि बाकीचे तसे झाले.

शरयूही झाली. एका रविवारी भूपालचा फोन आला.

"शरू, वरडतीस कशाला?"

"ओरडत नाही रे दादा."

"मग हे काय? हातभर लांब धरलाय फोन कानापासनं. तुझी वहिनी आतनं विचारतीया, कोण गेलं म्हणून."

"इथं ओरडल्याशिवाय कोणी ऐकत नाही. सवय लागली."

"आप्पा असतं तर महिनाभर बोललं नसतं तुझ्यासंगं." मग म्हणाला, "जेवलीस काय?"

*

अपघात शिरोलीच्या दोन नंबरच्या भट्टीत झाला.

अशा भट्टीत आग नसते. तांब्याच्या जाड वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, वीज फिरते, आणि तिच्या जोरावर मधलं लोखंड आतूनच तापून वितळतं. ते वेटोळं पोकळ असतं, त्यातून सतत पाणी खेळवतात, नाहीतर तांबंच वितळेल. म्हणजे उकळतं लोखंड आणि थंड पाणी यांच्यामध्ये असतो फक्त अस्तराचा एक थर. त्या दिवशी अस्तराला चीर गेली. लोखंडाचा रस झिरपला, वेटोळं फुटलं आणि पाणी खालच्या खड्ड्यात गळू लागलं. वरून रसही तिकडेच निघाला होता. रसाखाली पाणी अडकलं की त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ बाहेर पडायला वाट शोधत नाही, करते.

भूपालनं वीज तोडली. मग म्हणाला, "चला, चहा घेऊ." माणसं निघाली. त्यानं भट्टीवरचा फोन उचलला आणि सवयीचे दोन आकडे दाबले. फोन बाणेरला गेला. पंपहाउसला जाऊन हातानं व्हॉल्व्ह फिरवायचा मार्ग नव्हता, कारण पंपहाउसला कुलूप होतं आणि ते कुलूपही बाणेरहून उघडत होतं.

शरयूनं ती ध्वनिफीत दुसऱ्या दिवशी आपल्या खोलीत एकटीनं ऐकली.

"शिरोली, दोन नंबर. भूपाल मगदूम बोलतोय. कॉइल फुटलीया. पाणी बंद करा."

यंत्राचा गोड आवाज आला. "कृपया थांबा. आपल्या आधी अधिक तातडीचे कॉल आहेत."

पुढे नुसती भट्टीची घरघर. मग पुन्हा तो, आणखी खालच्या पट्टीत. "पाणी बंद करा. माझी माणसं अजून आत हाईत."

हा आवाज शरयूनं आयुष्यात एकदाच ऐकला होता, आप्पांच्या शेवटच्या आजारात, जेव्हा भूपालनं तिला गाडी काढायला सांगितलं होतं.

"कृपया थांबा," यंत्र म्हणालं.

तिनं रांग उघडून पाहिली. भूपालच्या पुढे चाकणचा एक माल पाठवणारा होता. फाटक उघडत नव्हतं आणि त्याचा ट्रक खोळंबला होता. त्याच्या आकड्याला लाल रंग होता. त्याच्याही पुढे बाणेरचीच, चौथ्या मजल्यावरची एसीवाली. भूपालच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: तातडी नाही.

वाफेनं खड्डा फोडला तेव्हा सगळे बाहेर पोचले होते, क्रेनवाला रफिक मुजावर सोडून. तो वरच्या केबिनमधून शिडीनं उतरत होता.

*

कोल्हापूरच्या इस्पितळात रफिकचा एक पाय गुडघ्यापासून गेला होता आणि पाठ भाजली होती. तो पालथा पडून बोलत होता.

"शरयूताई, भूपालदा कसा हाय?"

"तू तुझं बघ रे."

"न्हाई, लोक म्हणत्यात त्याच्यावर घालणार. म्हणून विचारलं." त्यानं उशीत तोंड घासलं. "तो वरडला असता तर मी वरनंच उडी टाकली असती. खाली रस सांडलेला. आज हितं पाय मोजायला मी नसतोच. हे लिवून घ्या कुणीतरी."

कोणी लिहून घेतलं नाही. चौकशी अहवालात एकच वाक्य खरं महत्त्वाचं होतं आणि रणदिवेंनी ते शरयूसमोर टेबलावर फिरवून ठेवलं: 'यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चालली. कॉल करणाऱ्याने तातडी व्यक्त केली नाही.'

"तांत्रिक प्रमुख म्हणून तुमची सही," ते म्हणाले. "कारखाना निरीक्षकाकडे जायचाय."

"हा गेला की गुन्हा माझ्या भावावर दाखल होईल."

"नातं आहे म्हणून मी तुम्हाला वेळ देतोय. आणि बघा, आम्ही त्याला कामावरून काढत नाही आहोत. प्रशिक्षण देतोय. भट्टीवरच्या सगळ्यांना. संकटात नीट ओरडायचं कसं."

"सर, ओरडला असता तर पाचजण मेले असते."

"ते तुमचं अनुमान. यंत्राकडे आकडा आहे." मग खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, "खरं म्हणजे वाक्यात खोटं काय आहे ते सांगा. यंत्रणा चालली की नाही?"

चालली होती. त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच ते टेबलावरून उचलून त्यांच्या तोंडावर फेकावंसं तिला वाटलं. पंपहाउसचे सरळ फोन परत जोडायचा तिचा प्रस्ताव त्यांनी न वाचता बाजूला सारला. तिन्ही पंपहाउसं अजून त्याच रांगेवर होती. साताऱ्याचं अस्तर तर शिरोलीपेक्षा जुनं होतं.

*

प्रशिक्षण शिरोलीच्या सायकल स्टँडमध्ये झालं. पुण्याहून एक प्रशिक्षिका आली होती, तिच्यासमोर मायक्रोफोन आणि पडदा. पडद्यावर पट्टी. बोललं की पट्टी हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून लालमध्ये जायची. लाल झाली की माणूस उत्तीर्ण.

"सर्जेराव, तुम्ही या. म्हणा, 'धोका! पाणी बंद करा!'"

"मॅडम, माझ्या बायकोला बोलवू? एका दमात लाल करंल."

मागचे हसले. शरयू भिंतीशी उभी होती. तिला हसू आलं नाही. ज्या माणसांच्या शांतपणावर आजवर त्या छपराखालचे जीव वाचले, ती माणसं एका पट्टीसमोर रांगेनं किंचाळत होती आणि जो जास्त किंचाळे त्याला टाळ्या मिळत होत्या.

भूपालची पाळी आली. त्यानं टोपी काढून काखेत धरली.

"धोका. पाणी बंद करा."

पट्टी हिरवी.

"थोडं मोठ्यानं, काका."

"धोका. पाणी बंद करा."

हिरवी.

"अजून थोडा राग आणा ना, काका."

"आलाय की," भूपाल म्हणाला.

इतक्या खाली, की ते शेजारच्यालाच ऐकू गेलं असावं. पण मागचं हसणं एकदम थांबलं. सर्जेरावनं नकळत एक पाऊल मागे घेतलं. पट्टी हिरवीच राहिली. प्रशिक्षिकेनं त्याच्या नावापुढे फुली मारली.

बाहेर आल्यावर शरयू त्याच्याजवळ गेली. "दादा, मला सही करायला सांगतायत."

"कर."

"तुझ्यावर येईल."

"मग नगं करू." त्यानं टोपी घातली. "माझं काय ते बघीन मी. पर शरू, उद्या साताऱ्यात असंच झालं तर? तिथला फोरमन माझ्याच हाताखाली तयार झालेला. तो बी असाच बोलणार. त्यो मरंल, आणि वर ह्येच म्हणतील, नीट वरडला न्हाई."

*

सुरक्षा दिनाला दरवर्षी तिन्ही फाउंड्र्यांत एकाच वेळी सुरक्षेची शपथ होई. माणसं भट्टीजवळच, आपापल्या जागी उभी राहत, आणि बाणेरचा आवाज छपराच्या कर्ण्यांतून येई. या वर्षी शपथेआधी तांत्रिक प्रमुखानं अपघाताचा निष्कर्ष वाचून दाखवायचा होता. रणदिवेंचीच कल्पना. सही केली नाहीत तर निदान सगळ्यांसमोर वाचा, असा त्याचा अर्थ होता.

शरयू मायक्रोफोनसमोर बसली. तोही आता त्वरेलाच जोडलेला होता. शेजारी रणदिवे, मागे संचालक. समोरच्या पडद्यावर तीन छपरं दिसत होती: शिरोली, सातारा, चाकण. शिरोलीच्या कोपऱ्यात भूपाल उभा होता, प्रशिक्षणात नापास म्हणून फोरमनपद दुसऱ्याकडे गेलेलं, अंगात प्रशिक्षणार्थीचं पिवळं जाकीट. तिन्ही भट्ट्यांचे फोरमन त्याच्या किंवा आप्पांच्या हाताखालून गेलेले होते. साताऱ्यात, चाकणमध्येही भट्टीवर कोणी ओरडत नसे.

हातातल्या कागदावरचं वाक्य तिनं एकदा वाचलं. ते तिच्या तोंडून, तिनंच जोडलेल्या तारांतून, तिच्या भावाच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून बाहेर पडणार होतं.

आप्पा म्हणत, चहाचं ते वाक्य खोटं बोलायचं नसतं. शरयूनं तेवढीच एक गोष्ट तपासली, परीक्षेत उत्तर तपासावं तशी. तीन भट्ट्यांमध्ये रस आहे. तिन्हींभोवती पाणी आहे. ते पाणी बंद करायला सांगणारा माणूस शांत असेल तर त्याचं कोणी ऐकणार नाही. मग धोका आहे की नाही?

आहे.

वर्षभराची सवय गळ्यातून उतरवायला तिला एक श्वास पुरला.

"शरयू मगदूम बोलतेय, शिरोलीच्या आप्पांची मुलगी," ती म्हणाली. "पंपाचे फोन अजून तसेच आहेत." आवाज खाली गेला, आणखी खाली, घरातली भांडी वाजायची थांबत तिथवर. "चला, चहा घेऊ."

मागे एक संचालक हसला. "छान. घरगुती सुरुवात." त्वरेच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: तातडी नाही.

साताऱ्याच्या फोरमननं भिंतीवरचा वीज तोडायचा खटका ओढला. मग चाकणच्यानं. शिरोलीत नव्या फोरमननं भूपालकडे पाहिलं. भूपालनं मान हलवली. तिन्ही छपरांखालची घरघर थांबली आणि माणसं हातातलं खाली ठेवून, एकामागोमाग एक, चालत चौकटीबाहेर गेली.

"हे काय चाललंय?" रणदिवे म्हणाले. "कुठे निघाले सगळे? शपथ व्हायचीय."

त्यांनी मायक्रोफोन ओढून घेतला. "परत या! भट्ट्या चालू करा! रस गोठेल! ऐकताय का?" त्वरेचा आकडा लाल झाला, तिनं तो आवाज सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर उचलला आणि तीन रिकाम्या छपरांखाली घुमवला. शिरोलीच्या कर्ण्यावर बसलेलं एक कबुतर उडालं.

ते शरयूकडे वळले. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"पंपहाउसचे सरळ फोन जोडून द्या. आणि अहवालातून ते वाक्य काढा. मग ते आत जातील."

"तुमची नोकरी गेली, कळतंय का?"

"कळतंय. रस गोठायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत असेलच."

तिचा आवाज इतका शांत होता की मागचे संचालक एकमेकांकडे पाहू लागले. ती घाबरली असावी, असं त्यांना वाटलं. त्या खोलीत तो आवाज ओळखणारं कोणीच नव्हतं. नियंत्रण कक्षात फोन वाजू लागले, बाणेरच्या सगळ्या मजल्यांवरून माणसं रिसीव्हरमध्ये ओरडत होती, आणि सगळेच कॉल लाल असल्यामुळे त्वरेला आता कोणाचाच आधी घेता येत नव्हता.

तेवढ्यात शरयूच्या पर्समधला मोबाइल थरथरला.

"शरयू," भूपाल म्हणाला. आयुष्यात त्यानं तिला कधी पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. "तिन्हीकडची माणसं बाहेर आल्यात. आत्ता सातारकराशी बोललो."

"कोणाला लागलं?"

"न्हाई." पलीकडे कपांचा आवाज येत होता. "कुणी पळालं न्हाई."